हवामानबदलाचा आघात कोणावर?

अवर्षण आणि दुष्काळ हे मराठीतील दोन वेगळे शब्द आहेत. पाऊस पडला नाही म्हणजे अवर्षण. पाऊस न पडल्यामुळे माणसांना अन्न, पाणी आणि काम मिळेनासे झाले म्हणजे दुष्काळ. पहिल्याचे कारण आकाशात शोधावयाचे, दुसऱ्याचे गावात. १९७२ च्या दुष्काळानंतर सुकथनकर समितीने राज्यातील तालुक्यांची पाहणी करून 'अवर्षणप्रवण' क्षेत्र निश्चित केले. 'प्रवण' हे विशेषण तालुक्याला लागले. त्या तालुक्यातील कोणती माणसे दुष्काळप्रवण आहेत, हे तालुक्यांच्या यादीवरून कळत नव्हते आणि कळण्याची अपेक्षाही नव्हती.

पन्नास वर्षांनंतर तोच प्रश्न नव्या नावाने पुढे आला आहे. हवामानबदलामुळे शेती आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या समाजांना किती धोका आहे, याचे मोजमाप करण्याचे एक शास्त्रच आता उभे राहिले आहे. आंतरशासकीय हवामानबदल मंडळाने २००१ च्या अहवालात त्याची जी मांडणी केली ती थोडक्यात अशी : आघात किती येणार, तो आघात त्या समाजाला किती झोंबणार आणि तो पचविण्याची ताकद त्या समाजात किती आहे, या तीन गोष्टींवरून त्याची आघातप्रवणता ठरते. २०१४ च्या अहवालात या मांडणीची फेररचना झाली, धोका व आघातप्रवणता यांची फारकत करण्यात आली. परंतु मूळ कल्पना कायम राहिली. कल्पना उत्तम आहे. आपत्ती केवळ पावसावर किंवा वादळावर अवलंबून नसते, ती समाजाच्या रचनेवरही अवलंबून असते, हे समाजवादी विचाराला नवे नसलेले सत्य तीत मान्य करण्यात आले आहे. घोटाळा होतो तो ही कल्पना आकड्यांत उतरविताना.

आपल्याकडे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०११ मध्ये हवामान-सक्षम शेतीचा राष्ट्रीय प्रकल्प हाती घेतला. त्यात हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने देशातील ग्रामीण जिल्ह्यांची आघातप्रवणता मोजली आणि २०१९ च्या सुधारित मोजणीत ३१० जिल्हे अधिक जोखमीचे ठरविले. त्यांपैकी १०९ अत्यंत जोखमीचे होते. हे काम परिश्रमपूर्वक केलेले आहे आणि ते करणाऱ्या शास्त्रज्ञांना दोष देण्याचे कारण नाही. पाऊस, तापमान, पेरणीक्षेत्र, सिंचन, खतांचा वापर, रस्ते, वीज, साक्षरता यांचे आकडे ज्या पातळीवर मिळतात त्या पातळीवर त्यांनी मोजणी केली. ती पातळी जिल्ह्याची आहे. पुढे प्रकल्प, अनुदाने, कर्जे आणि विमा यांचे वाटप या क्रमवारीचा आधार घेऊन होऊ लागते तेव्हा मात्र जिल्हा ही जणू एक व्यक्ती आहे, तिला ताप आला म्हणजे सर्वांगाला सारखाच आला, असे गृहीत धरले जाते.

अर्थशास्त्राने या गृहीताचा निकाल फार पूर्वी लावलेला आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात किमान वीस लाख माणसे मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की त्या वर्षीची धान्याची उपलब्धता १९४१ पेक्षा कमी नव्हती, उलट अधिकच होती. आणि १९४१ मध्ये दुष्काळ पडला नव्हता. मग मेले कोण? शेतमजूर, वाहतूक करणारे कामगार आणि मच्छीमार यांची वाताहत सर्वांत अधिक झाली. मच्छिमारांचा उल्लेख येथे विशेष ध्यानात घ्यावयास हवा. १९४२ मध्ये जपानी आक्रमणाच्या भीतीने ब्रिटिश सरकारने दहापेक्षा अधिक माणसे नेणाऱ्या होड्या ताब्यात घेतल्या किंवा नष्ट केल्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आले. त्यानंतर तांदळाचा भाव चढला. ज्याच्याकडे जमीन होती तो धान्य खाऊन किंवा विकून तरला. ज्याच्याकडे केवळ श्रम किंवा मासळी होती, त्याला ती विकून तांदूळ घ्यावा लागत होता, तो मेला. बंगाल प्रांताची सरासरी काढली असती तर हे काहीच दिसले नसते.

हाच तपास आज मराठवाड्यात लावून पाहिला तर काय दिसते?

महाराष्ट्रातील पिकाखालील सुमारे चार पंचमांश जमीन पावसावर अवलंबून आहे. पावसाचा स्वभाव बदलला आहे, याविषयी आता वाद उरलेला नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार मध्य भारतात व्यापक क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्या. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्याच मराठवाड्यात सप्टेंबर २०२५ मध्ये नद्यांनी शेतातली माती खरवडून नेली. एकाच भूमीवर दोन्ही टोके आली. अशा स्थितीत कोणत्याही निर्देशांकात मराठवाड्याचे जिल्हे वरच्या क्रमांकावर येणार, हे उघड आहे.

परंतु निर्देशांकाचे घटक एकेक करून तपासले पाहिजेत. सिंचनाखालील क्षेत्र वाढले की आघातप्रवणता कमी झाली, असे सूत्र सांगते. आता, केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानेच २०१५ च्या सुमारास नमूद केले आहे की महाराष्ट्रात चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरील ऊस सिंचनाचे सुमारे सत्तर टक्के पाणी घेतो. म्हणजे एखाद्या तालुक्यात विंधनविहिरींच्या बळावर ऊस वाढला तर कागदावर तो तालुका अधिक सुरक्षित होतो. प्रत्यक्षात शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या आडाचे पाणी त्या उसात गेलेले असते. एकाची वाढलेली ताकद ही दुसऱ्याची गेलेली ताकद असते आणि बेरजेत दोन्ही मिळून प्रगती दिसते. शेततळ्यांची कथाही अशीच आहे. वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवावे, ही मूळ योजना. प्लास्टिकचा कागद अंथरलेली मोठमोठी तळी विहिरीतून उपसलेल्या पाण्याने भरण्याची रीत अनेक ठिकाणी पडली आहे. जमिनीखाली जे पाणी सर्वांचे होते ते जमिनीवर येऊन एकाचे झाले, आणि त्यातले काही उन्हाने उडूनही गेले. या व्यवहाराला सरकारी भाषेत 'अनुकूलन' म्हणतात आणि त्याला अनुदान मिळते.

अनुदान कोणाला मिळते, हाही प्रश्न आहेच. जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ पासून पंधरा जिल्ह्यांत नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प राबविला गेला. हवामानबदलाला तोंड देण्याची शेतकऱ्याची ताकद वाढविणे, हा त्याचा घोषित हेतू. त्याची पद्धत अशी की लाभार्थ्याने आधी स्वतः खर्च करावयाचा आणि नंतर अनुदान खात्यात जमा व्हावयाचे. ज्याच्याजवळ आधी घालावयाला पैसा आहे, किंवा ज्याला बँक उभे करून घेते, त्याचीच ताकद अशा पद्धतीने वाढणार. भूमिहीनांसाठीही त्यात तरतूद होती. शेळ्या आणि परसातल्या कोंबड्या.

आणि भूमिहीन काय करतो? तो कोयता घेऊन जातो. बीडसारख्या जिल्ह्यांतून दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर नवरा-बायकोची जोडी मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडावयास जाते. उचल फिटेपर्यंत सुटका नसते. निर्देशांक रचताना 'उत्पन्नाचे पर्यायी मार्ग' हा घटक पुष्कळदा ताकदीच्या रकान्यात घातला जातो. या मार्गाची किंमत राज्य शासनाने २०१९ मध्ये नेमलेल्या समितीच्या पाहणीतून बाहेर आली : बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत काम बुडाले तर दंड, फडावर पाणी नाही, आडोसा नाही, आणि गावच्या खाजगी दवाखान्यात शस्त्रक्रियेचा सल्ला तत्पर. जिल्ह्याच्या सरासरीत या तेरा हजार आठशे एकसष्ट स्त्रियांना जागा नाही; आणि हवामानबदलाच्या आघाताचा याहून थेट पुरावा कोणत्या पर्जन्यमापकात सापडणार आहे?

शेतकऱ्यावरचा आघात एकेरी नसतो, ही गोष्टही या मोजणीत निसटते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात कापूस आणि सोयाबीन पाण्यात उभे होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टात केंद्र सरकारने कापसावरील अकरा टक्के आयातशुल्क माफ केले आणि ती माफी पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली. म्हणजे पावसातून वाचलेला कापूस वेचून बाजारात येईल त्या नेमक्या महिन्यांत परदेशी कापसाला दार मोकळे. २०२३ च्या डिसेंबरात कांद्यावर निर्यातबंदी आली, तीही असाच दुबार आघात होती. आकाशाचा लहरीपणा मोजणारे तज्ज्ञ नेमले जातात. वाणिज्य मंत्रालयाचा लहरीपणा मोजण्याची कोणाला गरज वाटत नाही.

आता समुद्राकडे वळावयास हवे. आपल्या चळवळीचे लक्ष शेतीकडे जितके गेले तितके मासेमारीकडे गेले नाही, ही कबुली येथेच दिलेली बरी. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर लाखो माणसे मासळीवर जगतात, तरी पक्षाच्या ठरावांत त्यांचा उल्लेख बहुधा शेवटच्या परिच्छेदात येतो.

२०१९ मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर उतरलेली समुद्री मासळी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २.०१ लाख टन होती. आधीच्या वर्षापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी आणि पंचेचाळीस वर्षांतील नीचांकी. त्या वर्षी अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे उठली. क्यार आणि महा ही दोन वादळे ऐन हंगामात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात आली. होड्या किनाऱ्याला लागून राहिल्या. पुढच्या वर्षी ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेले. एके काळी वादळे म्हणजे पूर्व किनाऱ्याचे दुःख, अशी कोकणात समजूत होती.

पण 'मच्छीमार समाज' हा शब्दही 'जिल्हा' या शब्दाइतकाच फसवा आहे. समुद्रावर वर्ग आहेत. पर्ससीन जाळ्याची यांत्रिक नौका असलेला मालक, दोन सिलिंडरची लहान होडी चालविणारा कुटुंबप्रमुख, हिश्शावर काम करणारा तांडेल, रोजावर किंवा हंगामी पगारावर काम करणारा खलाशी, आणि टोपली डोक्यावर घेऊन बाजारात बसणारी कोळीण, ही एकाच 'समाजा'तील पाच वेगळी माणसे आहेत. रत्नागिरीच्या बंदरातील खलाशांत तर नेपाळहून आलेली मुले आहेत. त्यांना मच्छीमार समाजात कोण गणतो? समुद्र तापला, मासळी खोल गेली किंवा उत्तरेकडे सरकली, तर मोठी नौका अधिक डिझेल जाळून तिच्या मागे जाईल. बिगरयांत्रिक होडीला जाता येत नाही. शिवाय मासळी कमी होण्याचे कारण केवळ तापमान नव्हे. पर्ससीन मासेमारीवर राज्य शासनाने २०१६ मध्ये निर्बंध घातले, प्रखर दिव्यांच्या साह्याने होणाऱ्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. तरी या दोहोंविरुद्ध पारंपरिक मच्छिमारांची तक्रार थांबलेली नाही. हवामानबदल हे खरे कारण आहे, पण ते सोयीस्कर कारणही आहे. लुटीचा सारा दोष समुद्राच्या तापमानावर टाकता आला तर पुष्कळांची सुटका होते.

भरपाईच्या नियमांत हा वर्गभेद स्पष्ट उमटतो. २०१५ ते २०२० या काळाच्या आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या होडीसाठी ९,६०० रुपये आणि पूर्ण नष्ट झालेल्या जाळ्यासाठी २,६०० रुपये होते. २०२२ मध्ये ते १५,००० आणि ४,००० झाले. या पैशांत होडी येत नाही, ही गोष्ट निराळी. मुद्दा असा की भरपाई वस्तूच्या मालकाला आहे. खलाशाची बुडालेली मजुरी आणि कोळणीचा बुडालेला बाजार यांसाठी पंचनाम्यात रकाना नाही. निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन परिसरातील सुपारी-नारळाच्या बागांची भरपाई आधी हेक्टरी हिशेबाने ठरली. कोकणात बाग असते काही गुंठ्यांची. तिच्यावर तीन पिढ्या जगतात. हेक्टरी दराने काही गुंठ्यांचे काय येणार? ओरड झाली तेव्हा हिशेब झाडावर आला. मोजमापाचे एकक बदलले की न्याय बदलतो, याचे इतके सरळ उदाहरण शोधून सापडावयाचे नाही. तसेच क्यार आणि महा वादळांच्या नुकसानीसाठी राज्य शासनाने २०२० मध्ये जे साहाय्य जाहीर केले, त्यात लहान मासळी विक्रेत्यांचा समावेश झाला होता. म्हणजे रकाना निर्माण करता येतो.

पीकविम्यातही हाच पेच आहे. वि. म. दांडेकरांनी सत्तरच्या दशकात क्षेत्राधारित पीकविम्याची कल्पना मांडली आणि १९८५ च्या राष्ट्रीय योजनेत ती उतरली. प्रत्येक शेताची पाहणी अशक्य, म्हणून एकसारख्या क्षेत्राचे सरासरी उत्पन्न पाहून सर्वांना भरपाई द्यावी, हा विचार व्यवहार्य होता. क्षेत्र एकजिनसी असावे, ही त्यातील अट होती. आता महसूल मंडळात एका गावी ढगफुटी आणि चार कोसांवर उघडीप, अशी पावसाची रीत होऊ लागली असेल, तर एकजिनसीपणाची ती अटच ढासळते. शिवाय विमा असो वा भरपाई, हक्क सातबाऱ्यावर चालतो. बटाईने जमीन कसणारा, नवऱ्याच्या मृत्यूनंतर नावाची नोंद न झालेली स्त्री, गायरान कसणारा दलित किंवा पारधी हे नुकसानीच्या वेळी शेतकरी नसतात. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबालाही जमीन कोणाच्या नावे आणि कर्ज कोणाचे, हे पाहूनच 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरविण्यात येत आले. २०२५ च्या ऑक्टोबरात राज्य शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यातील घोषणांचा रोख शेतजमीन, पीक, विहीर, जनावरे यांकडे होता. सोयाबीन काढणीची आणि कापूस वेचणीची जी मजुरी त्या हंगामात उपजलीच नाही, तिचा हिशेब कोणी मांडला नाही.

या मजुरीच्या प्रश्नाला महाराष्ट्राने एकदा उत्तर दिले होते. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. समाजवादी आणि साम्यवादी कार्यकर्ते, शेतमजूर आणि स्त्रिया यांनी त्या कामांसाठी मोर्चे काढले, वि. स. पागे यांनी मांडलेल्या योजनेला कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून रोजगार हमी कायदा अमलात आला. त्या योजनेचे दोष सर्वांना ठाऊक आहेत. परंतु तिचे एक वैशिष्ट्य आजच्या सर्व निर्देशांकांहून श्रेष्ठ होते : गरजवंत कोण, हे तज्ज्ञाने ठरवावयाचे नव्हते. जो खडी फोडावयास आला तो गरजवंत. २००५ च्या केंद्रीय कायद्यात हेच तत्त्व होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात दिवसांची संख्या १०० वरून १२५ झाली, परंतु राज्यनिहाय रक्कम केंद्राने आधी ठरवावयाची आणि शेतीच्या हंगामात एकूण साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवता यावयाची, अशी तरतूद आली. अतिवृष्टीने हंगामच वाहून गेला तर त्या साठ दिवसांत मजुराने कोणाच्या शेतात राबावयाचे?

तेव्हा आघातप्रवणतेच्या मोजणीला विरोध करण्यात अर्थ नाही. ती आपल्या हाती घेण्यात आहे. जिल्हा सोडून घर हे एकक धरावयास हवे. ज्या गावात कार्यकर्ता राहतो तेथे ग्रामसभेपुढे ठेवता येईल असा तक्ता तयार करणे अवघड नाही : जमीन कोणाच्या नावे आणि कसतो कोण, पाण्याचा स्रोत स्वतःचा, सामाईक की टँकरचा, गेल्या पाच वर्षांत किती हंगाम बुडाले, कर्ज बँकेचे की सावकाराचे, वर्षातून किती महिने घराला कुलूप असते. बंदरावर होडीच्या परवान्याबरोबर तिच्यावरील खलाशांची आणि तिची मासळी विकणाऱ्या स्त्रियांची नावे घ्यावी लागतील. तेथे आणखी एक प्रश्न विचारावा लागेल : किनाऱ्याची, खाडीची, मासळी वाळविण्याची कोणती जागा कोणत्या प्रकल्पात गेली किंवा जाणार आहे? २०२४ मध्ये केंद्राने ७६,२०० कोटींच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली. डहाणूच्या मच्छिमारांची आघात पचविण्याची ताकद वाढविण्याच्या योजना आणि त्यांच्या मासेमारीच्या क्षेत्रात भराव घालण्याची योजना एकाच शासनाच्या दोन टेबलांवर असतात, आणि ती दोन टेबले एकमेकांशी बोलत नाहीत.

अशा तक्त्यांचे करावयाचे काय, असा प्रश्न विचारला जाईल. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्याचा दर वर्षी फेरआढावा घेणे बंधनकारक आहे. तो आढावा बहुतेक ठिकाणी जुन्या मजकुरावर नवी तारीख घालून उरकला जातो. मृगापूर्वी एखाद्या तालुक्यातील दहा गावांचे आणि एखाद्या बंदराचे तक्ते घेऊन कार्यकर्ते जिल्हाधिकारी कचेरीत गेले, आणि पंचनाम्याच्या नमुन्यात बटाईदार, शेतमजूर, खलाशी आणि मासळी विक्रेती यांचे चार रकाने वाढवा एवढीच मागणी लावून धरली, तर ती नाकारण्यासाठी अधिकाऱ्यांना कारण शोधावे लागेल.